बत्ती कुणाच्या डोक्यावर?

कार्तिकी पौर्णिमा झाली की आमच्या सुरतेच्या स्थानकातला चार महिन्यांचा गजबजाट एका सकाळीच ओसरतो. महासतीजी विहाराला निघतात. आम्ही बाया मांगलिक ऐकतो, डोळे पुसतो आणि पुढच्या मुक्कामापर्यंत पोचवायला जातो. माझं माहेर खानदेशातलं, तापीकाठचं. लग्न होऊन त्याच नदीच्या खालच्या अंगाला आले, त्यालाही तीस वर्षं होऊन गेली. पण सुरतेबाहेरचा हा मुलूख मला कळला तो महासतीजींच्या मागे चालूनच.

माहेरी तापीला उंच दरडी आणि खोल घळ्या. इथे सगळं ताटासारखं सपाट. कीम आणि तापी या नद्यांच्या मधला ओलपाडचा भाग समुद्राकडे उतरतो, पण तो उतार डोळ्यांना दिसत नाही. पश्चिमेला खाड्या आणि खारी जमीन, आत आलं की कालव्याच्या पाण्यावरचा भात नि ऊस. माती काळी, पाऊस पडला की पाय धरून ठेवणारी. पाण्यातले, हिरवळीतले जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून साधुसाध्वींनी पावसाळाभर एका जागी राहायचं, हे आपल्याला लहानपणापासून पाठ. इथला श्रावणातला चिखल पाहिला की तो नियम पायांनासुद्धा कळतो.

याच वाटेनं १९३० साली गांधीजी गेले. १२ मार्चला साबरमतीहून ७८ सोबती घेऊन निघाले आणि ५ एप्रिलला दांडीला पोचले. अंतर २४१ मैल, म्हणजे ३८५ किलोमीटरच्या आसपास. गांधीजींचं वय तेव्हा साठ. सोबत एक घोडा ठेवला होता, पण ते त्यावर बसले नाहीत. सोबत्यांत आपले पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, पलुस्करांचे शिष्य आणि आश्रमाचे गायक. त्या ७८ जणांत बाई मात्र एकही नव्हती.

नकाशा पुढे घेऊन बसलं की कळतं, ही यात्रा म्हणजे एकामागून एक नद्या ओलांडणं होतं. १९ मार्चच्या रात्री कंकापुरापाशी मही लागली. तिथे समुद्राची भरती आत शिरते. होडीनं पार होऊनसुद्धा चिखल तुडवावाच लागला. पुढे भरूचला नर्मदा, मग कीम, सुरतेला तापी, नंतर मिंढोळा आणि पूर्णा. आमच्या बाजूचे मुक्काम असे: उमराछी, एरथाण, भाटगाम, सांधियेर, देलाड, छापराभाठा. १ एप्रिलला सुरत. मग दिंडोली, वांझ, धामण, नवसारी, कराडी, दांडी. या यादीतली छापराभाठा आणि दिंडोली आता सुरत शहरातच आली. तिथे रिक्षा करून जाता येतं.

या मुक्कामांपैकी भाटगामची गोष्ट मला सांगायची आहे. दांडीच्या मिठाची सगळे सांगतात, भाटगामची फार कुणी सांगत नाही.

२९ मार्चला रात्रीच्या अंधारात यात्रा चालली होती. उजेडासाठी किटसन बत्त्या आणल्या होत्या. त्या जड असत. एका मजुराच्या डोक्यावर स्टूल आणि स्टुलावर पेटलेली बत्ती. त्याला लवकर चल, लवकर चल म्हणून हाकललं जात होतं. गांधीजींना ते बघवेना. बत्ती मागे पडावी म्हणून त्यांनी आपली चाल वाढवली आणि सगळ्यांच्या पुढे निघून गेले. झालं उलटंच. त्या मजुराला त्यांच्या मागे पळवलं गेलं!

त्या दिवशी भाटगामच्या सभेत त्यांनी सरकारला सोडलं आणि आपल्याच माणसांना धरलं. व्हाइसरॉयच्या भरमसाट पगारावर आपण बोट ठेवतो आणि आपल्यासाठी सुरतेहून मोटारीनं दूध-भाजी येते, हे कसं चालेल? ओझं न्यायचंच असेल तर आपल्यातल्या कुणी का उचलू नये? हे भाषण मी त्यांच्या गुजराती 'अक्षरदेहा'त वाचलं तेव्हा मनाशी म्हटलं, किती बारीक नजर! आणि पुस्तक मिटून कपाटात ठेवलं.

काही वर्षांपूर्वी आमच्या महासतीजी सुरतेहून सायणमार्गे भरूचकडे निघाल्या. ठाणे पाच. सर्वांत वयस्कर महासतीजींचे गुडघे गेलेले, म्हणून व्हीलचेअर होती. ती ढकलायला मोलानं ठेवलेली नंदुरबारकडची एक बाई. माझ्या माहेरचीच म्हणायची. मागे आमच्या तीन गाड्या, त्यात नाश्त्याचे डबे, चहाचे थर्मास. आम्ही थोडं चालायचो, थोडं गाडीत बसायचो. महासतीजी ईर्यासमिती पाळत, गाडीच्या जूइतकी पुढची जमीन बघत पाऊल टाकत होत्या. त्या बाईला खाली बघायला सवड नव्हती. तिचं लक्ष मागून येणाऱ्या ट्रककडे.

नऊ वाजत आले. ऊन चढायला लागलं. मी गाडीच्या खिडकीतून तिला हाक मारली, "अगं, जरा पाय उचल ना, महासतीजींना ऊन लागतंय!"

तिनं मान हलवली आणि पळायलाच लागली. तिच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो तिनं दोरीनं बांधला होता.

रस्त्याच्या कडेला पाटी आली, देलाड. आणि मला ती बत्ती आठवली. ३१ मार्च १९३० चा सोमवार, गांधीजींचा मौनाचा दिवस, त्यांनी याच गावात काढला होता. पोटात कसंतरी झालं. पुस्तकातली बारीक नजर मला किती आवडली होती! आणि इथे मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या संघाची मी श्राविका, एका बाईला पळवत होते.

मी गाडी थांबवून खाली उतरले. "दे, थोडं मी नेते," म्हटलं. तिला आधी वाटलं तिचं काही चुकलं, मजुरी कापणार. "नाही ताई, मी करते ना!" म्हणाली. शेवटी महासतीजींनीच हातानं खूण केली. मी दीडेक किलोमीटर खुर्ची नेली असेन. घामानं भिजले, खांदे भरून आले. ती बाई माझ्या बाजूनं हात हलवत रिकामी चालत होती. मोकळं चालताना ती केवढी झपझप चालते ते तेव्हा दिसलं.

आता आमच्या मंडळाच्या बाया विहारात पाळी लावून घेतात. मोलाची बाई असतेच, कारण रोजचे दहा-बारा किलोमीटर आमच्यानं होत नाहीत, हे खोटं कशाला बोला? पण तिचा चहा आमच्याबरोबर होतो, चपला संघ देतो, आणि तिला कुणी खिडकीतून हाक मारायची नाही असं ठरलं आहे. यंदा माझी पाळी देलाडच्या टप्प्यावर मी मागून घेतली आहे.