रात्री दोनचा गजर: मॅट्रिकचा अभ्यास, परळच्या चाळीतून



हा एपिसोड तुम्ही ऐकताय तेव्हा बहुतेक तुमच्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात, कुणीतरी दहावीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून बसलेलं असेल. पूर्वपरीक्षा झाली, पोर्शन थोडा राहिलाय, दिवस मोजून वीस-पंचवीस. आणि सल्ले? सल्ल्यांचा नुसता पाऊस! काका म्हणतात पहाटे उठ, मावशी म्हणते मोबाईल काढून घ्या, आणि क्लासवाले म्हणतात टेस्ट सिरीज लावा.

आपला हा पॉडकास्ट इतिहासाचा, त्यामुळे मी टिप्स देणार नाहीये. पण एक प्रश्न आपण इतिहासाला विचारू शकतो. परीक्षा मोठी आणि वेळ कमी, ही अडचण काही आजची नाही. मग आपल्याकडे लोकांनी वेळ आणला कुठून?

चला, सुरुवातीपासून बघू.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली आणि त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली १८५९ मध्ये. किती मुलं बसली? १३२. आणि पास किती? २२. त्या पास झालेल्यांत एक होते महादेव गोविंद रानडे, म्हणजे आपले न्यायमूर्ती रानडे. मॅट्रिक ही तेव्हा कॉलेजचा दरवाजा उघडणारी परीक्षा होती, आणि ज्याला कॉलेज परवडणार नाही त्याला निदान कारकुनीची खुर्ची मिळवून देणारी. एका निकालावर अख्ख्या घराची दिशा बदलायची. तिचंच नाव पुढे एसएससी झालं. १९७५ पर्यंत ती अकरावीला असायची, मग दहावीला आली. पण घरातलं टेन्शन मात्र तेच राहिलं बरं का!

आता या परीक्षेची एक गंमत आहे. गंमत म्हणा किंवा अन्याय म्हणा. पेपर सगळ्यांना सारखा आणि तीन तासही सगळ्यांना सारखेच. पण पेपरच्या आधीचे जे महिने असतात ना, ते सारखे नसतात. कुणाला दिवसाचे दहा तास अभ्यासाला मिळतात, कुणाला दोन. हा फरक पेपर तपासणाऱ्याला दिसत नाही.

एक उदाहरण सांगतो. कोकणातल्या मुरुडचा एक मुलगा. १८७५ च्या सुमाराची गोष्ट. सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती आणि त्यासाठी गाठायचं होतं सातारा. पावसाळ्याचे दिवस आणि गाडीरस्त्याची सोय नाही. हा मुलगा सोबत्यांबरोबर घाट चढून, शंभराहून जास्त मैल पायी चालत साताऱ्याला पोचला. आता विचार करा, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आपण उजळणी करतो आणि हा चालत होता! आणि तिथे काय झालं? मुलगा दिसायला लहानखुरा. साहेबांना वाटलं, याचं वय सतरा नाहीच. परीक्षेला बसूच दिलं नाही. आल्या पावली परत.

हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे १८८१ मध्ये ते मुंबईतून मॅट्रिक झाले, आणि नंतर भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ काढणारे महर्षी कर्वे झाले. पण त्या दिवशी साताऱ्यात त्यांच्या हातात काय होतं? दुखरे पाय, बास. परीक्षेचं केंद्र घरापासून किती लांब आहे, हासुद्धा वेळेचाच प्रश्न असतो. जे अंतर कापायला दिवस जातात, ते दिवस अभ्यासातून वजा होतात.

आता येऊ या आजच्या मुख्य गोष्टीकडे. त्यासाठी जायचंय परळला.

साल १९०४ ते १९०७ च्या आसपास. गिरणगाव. भोंगे, धूर, चाळी. डबक चाळ नावाच्या एका चाळीत एक खोली आहे. एकच खोली! तीच स्वयंपाकघर, तीच बैठक, तीच झोपायची जागा. भांडीकुंडी, चुलीचा धूर, सरपण आणि घरातली माणसं, सगळं त्यातच. या खोलीत राहतात सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ. त्यांचा धाकटा मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकतोय आणि त्याला मॅट्रिकला बसायचंय. मुलाचं नाव भीमराव.

तुम्ही ओळखलंच असणार. पण आत्ता दोन मिनिटं पुढचं सगळं विसरा. राज्यघटना, कोलंबिया, चवदार तळं, काहीच अजून घडलेलं नाहीये. आत्ता फक्त एक शाळकरी पोरगा आहे आणि त्याला बसून वाचायला जागा नाहीये.

रामजींनी काय केलं बघा. त्यांनी खोली मोठी केली नाही, करताच येणार नव्हती. त्यांनी वेळेची वाटणी केली. संध्याकाळी मुलाला लवकर झोपवायचं. स्वतः जागत बसायचं, रात्री दोन वाजेपर्यंत. दोन वाजले की मुलाला उठवायचं आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आपण आडवं व्हायचं. तेव्हा कुठे घर शांत झालेलं असायचं. मग तो मुलगा रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यापाशी वाचत बसायचा. उशाशी जातं आणि पायाशी शेळी, इतकीच काय ती जागा.

ही गोष्ट आपण बहुतेक वेळा कशी ऐकतो? 'बघा, बाबासाहेब रात्री दोनला उठून अभ्यास करायचे, आणि तुम्ही!' असं म्हणून शेजारच्या पोराला टोमणा मारायला. पण नीट ऐका. या गोष्टीत मुलगा जागरण करत नाहीये, मुलगा झोपतोय. त्याची झोप आधी राखली जातेय आणि मग त्याला उठवलं जातंय. जागरण बाप करतोय! तेव्हा घड्याळाचा गजर नव्हता, तर घरातला एक म्हातारा होत चाललेला माणूसच गजर झाला होता, रोज रात्री.

आणि रामजींनी फक्त जागा आणि वेळ दिला असंही नाही. ते स्वतः लष्करी शाळेत मास्तर होते. मुलाचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून ते घरी त्याच्याकडून तयारी करून घ्यायचे. पुस्तकं लागली की नाही म्हणायचे नाहीत. पैसे नसले तर? लग्न झालेल्या लेकींकडे जायचे. लेकीकडून उसने पैसे, नाहीतर तिचा एखादा दागिना घ्यायचा, सावकाराकडे गहाण टाकायचा, पुस्तक आणायचं. पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत.

इथे जरा थांबू या. कारण या लेकींबद्दल आपण फारसं बोलत नाही. भीमरावाच्या त्या बहिणी मॅट्रिकच्या बाकावर कधी बसल्या नाहीत. त्या काळात त्यांना ते कुणी विचारलंही नसतं. पण भावाच्या पुस्तकांत त्यांच्या अंगावरचं सोनं होतं. एका मुलाच्या अभ्यासाचा वेळ कुठून कुठून गोळा झाला बघा: बापाच्या झोपेतून आणि बहिणींच्या दागिन्यातून.

घराबाहेरचाही एक माणूस यात आहे. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा शाळेनंतर वाचत बसायचा. घरी जागा नाही, मग बागच अभ्यासिका! तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर यायचे. ते विल्सन हायस्कूलमधले शिक्षक आणि मराठीतले लेखक. रोज एक पोरगा पुस्तकात डोकं खुपसून बसलेला दिसतो, म्हणून त्यांनी चौकशी केली. मग काय वाचावं ते सांगू लागले, स्वतःकडची पुस्तकं देऊ लागले. ना फी, ना क्लास. फक्त त्या पोराकडे लक्ष दिलं.

दुसऱ्या बाजूला शाळेतली परिस्थिती काय होती, तेही सांगायला हवं. या मुलाला संस्कृत शिकायचं होतं. पण अस्पृश्य म्हणून ते शिकवायला नकार मिळाला आणि त्याला पर्शियन घ्यावं लागलं. म्हणजे वेळ आधीच कमी, जागा आधीच कमी, आणि वर आवडीचा विषय बंद.

१९०७ ला निकाल लागला. भीमराव आंबेडकर मॅट्रिक पास. मार्क किती? ७५० पैकी २८२.

हो, बरोबर ऐकलंत. साडेसदतीस टक्के!

आज हा निकाल एखाद्या घरात लागला तर? पण त्या चाळीत तेव्हा सभा भरली, सत्कार झाला. अध्यक्षस्थानी समाजसुधारक सीताराम केशव बोले होते. केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र मुलाला भेट दिलं. नंतर केळुसकरांनीच पुढाकार घेतला आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या लोकांना २८२ या आकड्याच्या मागचं सगळं दिसत होतं. धूर, शेळी, रॉकेलचा दिवा, सगळं. म्हणून त्यांनी टक्केवारी मोजली नाही, दरवाजा उघडला हे मोजलं.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक घरात रामजी कुठून आणायचे? बरोबर आहे. म्हणूनच काही लोकांनी हे काम घरावर सोडलं नाही.

१८५५ मध्येच जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात रात्रशाळा सुरू केली होती. कुणासाठी? दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा आहे, त्याच्याकडे उरते ती रात्र. मग शाळाच रात्री भरवायची! सरळ हिशेब. मुंबईत रात्रशाळा आजही आहेत. दिवसा दुकानात, कँटीनमध्ये, कुरिअरला काम करणारी मुलं तिथून दहावी देतात.

आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एकत्र जेवणार, 'कमवा आणि शिका'. एकदा मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, मंगळसूत्रसुद्धा मोडायला दिलं. पुन्हा सोनं, पाहिलंत? परळच्या चाळीत बहिणीचं, साताऱ्यात वहिनींचं. ज्या पोरांना चालून चालून शाळा गाठावी लागायची, त्यांना शाळेच्या शेजारीच अंथरूण मिळालं. कर्व्यांचे जे दिवस वाटेत गेले होते, ते या पोरांचे वाचले.

तर मंडळी, हा सगळा इतिहास एकत्र ठेवला की एक गोष्ट दिसते. परीक्षेला बसतो एक जण, पण वेळ अनेकांच्या खिशातून येतो. 'वेळेचं नियोजन कर' असं आपण मुलाला सांगतो तेव्हा गृहीत धरतो की वेळ त्याच्याकडे आहे. अनेकदा तो नसतोच! तो मुलीच्या हातातल्या झाडूत असतो, सकाळी पाणी भरण्याच्या पाळीत असतो, धाकट्या भावाला सांभाळण्यात असतो, मोठ्या आवाजात लावलेल्या टीव्हीत असतो.

तुम्ही हे ऐकताय म्हणजे बहुतेक तुमची दहावी होऊन गेलीय. तुम्ही ताई आहात, दादा आहात, नाहीतर शेजारचे ते कॉलेजवाले. मग वीस दिवस उरलेत तर काय देता येईल? पाण्याची पाळी तुम्ही घ्या. संध्याकाळचे दोन तास घरात आवाज कमी ठेवा. रामजींसारखा एकच विषय घ्या, जो तुम्हाला चांगला येतो, आणि रोज अर्धा तास शेजारी बसा. केळुसकरांसारखं नुसतं विचारा, 'काय वाचतोयस?' आणि पोराला झोपू द्या. खरंच, झोपू द्या. परळच्या त्या खोलीतसुद्धा सगळ्यात आधी झोपेचीच सोय केली होती.

आणि निकाल लागेल तेव्हा टक्के विचारायच्या आधी एकदा आठवा, त्या आकड्यात कुणाकुणाचे तास जमा आहेत ते.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात, तुमच्या दहावीच्या वेळी, कुणी तुमच्यासाठी वेळ काढला होता? आम्हाला जरूर सांगा. आणि जमलं तर आधी त्या माणसाला एक फोन करा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, ऐकत राहा!