महारोग्यांचे औषध आणि वृद्धांची स्मृती

निजामी मुलखात, निजामाबादजवळील डिचपल्ली येथे, इझाबेल केर या मिशनरी डॉक्टरीणबाईंनी १९१५ साली महारोग्यांसाठी रुग्णालय उभारले. त्या काळी कडू कवठाच्या तेलाची वेदनादायक टोचणी हाच मुख्य उपचार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या आल्या, आणि जंतूंप्रमाणेच दाहाचेही शमन करण्याचा त्यांचा गुण पुढे निराळ्याच प्रांतात चर्चेस आला.

१९९२ मध्ये संशोधक मॅकगीअर व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी जपानमधील वृद्ध महारोग्यांची पाहणी करून असे मांडले की, हे औषध सतत घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळतो. अनुमान मोहक होते, पण औषध कोणाला मिळाले यामागे अनेक कारणे असतात, हे मोहात पडलेला विद्वान सहज विसरतो. दाहशामक गोळ्यांनी स्मृतिभ्रंश टळतो का, हे पडताळण्यासाठी अमेरिकेत २००१ पासून सत्तरी गाठलेल्या निरोगी माणसांना नॅप्रोक्सेन व सेलेकॉक्सिब देण्यात आले. हृदयविकाराच्या धास्तीने २००४ च्या डिसेंबरात ते थांबवावे लागले, आणि बुद्धीचे रक्षण झाल्याचे काही दिसले नाही.

तथापि दाहामागील प्रतिकारशक्तीचा मुद्दा निकालात निघाला नाही. मेंदूतील रक्षक पेशींशी निगडित ट्रेम-२ या जनुकातील दुर्मिळ बदल अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या विकाराचा धोका वाढवतो, हे २०१२ मध्ये समजले. आणि प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए हा जनुकसमूह तर महारोग व अल्झायमर या दोहोंच्याही दप्तरात नोंदलेला आहे.