आयबीएममधील कर्मचारी कपात

आयबीएममधील कर्मचारी कपात म्हणजे इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स (आयबीएम) या अमेरिकी संगणक कंपनीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वेळोवेळी केलेली मनुष्यबळातील घट होय. कंपनीचे मुख्यालय न्यू यॉर्क राज्यातील आर्मंक येथे आहे. व्यवसाय मंदावला तरी कामगाराला काढले जात नाही, असा या कंपनीचा १९३०च्या महामंदीपासूनचा लौकिक होता. तो १९९३ साली संपुष्टात आला. त्या वर्षी सुमारे ६० हजार पदे कमी करण्यात आली. अमेरिकेत एका कंपनीने एका वर्षात केलेल्या सर्वांत मोठ्या कपातींमध्ये तिची गणना होते. त्यानंतरच्या कपाती लहान लहान टप्प्यांत आणि बहुधा जाहीर घोषणेविना झाल्या. त्यामुळे आजवर एकूण किती नोकऱ्या गेल्या, याचा अधिकृत हिशेब उपलब्ध नाही.

पूर्वपीठिका

कंपनीची स्थापना १९११ साली झाली आणि १९२४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. तिला आकार देणारे थॉमस वॉटसन (थोरले) यांनी महामंदीच्या काळात कारखाने बंद न करता यंत्रांचे व सुट्या भागांचे उत्पादन चालू ठेवले. मागणी नसताना साठा वाढवणे हा त्या वेळी अविचार वाटत होता. मात्र १९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा संमत झाला, कोट्यवधी नागरिकांच्या नोंदी ठेवण्यासाठी सरकारला यंत्रांची गरज भासली आणि तयार साठा असलेल्या आयबीएमला मोठे काम मिळाले. कामगार टिकवून ठेवणे फायद्याचेही असते, ही धारणा कंपनीत रुजण्यास हा अनुभव कारणीभूत ठरला.

धाकटे थॉमस वॉटसन यांच्या कारकिर्दीत, १९५८ मध्ये, तासाच्या दराने वेतन घेणाऱ्या कामगारांना मासिक वेतनदारांचा दर्जा देण्यात आला. आजीवन नोकरीची हमी कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती. ती केवळ प्रथा होती. काम संपलेल्या विभागातील माणसाला नवे प्रशिक्षण देऊन दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या गावी पाठवले जाई. वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे कंपनीच्या आद्याक्षरांचा 'आय हॅव बीन मूव्ह्ड' (माझी बदली झाली आहे) असा विनोदी विस्तार कर्मचाऱ्यांत रूढ होता. या प्रथेमुळे कामगार संघटनेला अमेरिकेतील कारखान्यांत शिरकाव करता आला नाही. पुढे कपात सुरू झाली तेव्हा कर्मचाऱ्यांच्या हाती ना करार होता ना संघटना.

१९८६ ते १९९२

१९८५ मध्ये कंपनीत जगभरात सुमारे ४ लाख ५ हजार कर्मचारी होते. मेनफ्रेम संगणकांची मागणी घटू लागली आणि वैयक्तिक संगणकांच्या बाजारात स्पर्धक पुढे गेले. जॉन एकर्स यांच्या नेतृत्वाखाली १९८६ पासून स्वेच्छानिवृत्तीच्या योजना एकामागून एक आणल्या गेल्या. कोणालाही काढलेले नाही, असे म्हणण्याची सोय या योजनांमुळे राहिली. परंतु दुसरीकडे नोकरी सहज मिळू शकणारे अनुभवी लोकच आधी बाहेर पडले. १९९१ मध्ये कंपनीला इतिहासातील पहिला वार्षिक तोटा झाला. १९९२ चा तोटा सुमारे ५ अब्ज डॉलरवर गेला. अमेरिकी उद्योगाच्या इतिहासात तोवर तो सर्वाधिक होता.

१९९३ ची कपात

१९९३ च्या प्रारंभी न्यू यॉर्क राज्यातील हडसन खोऱ्यात थेट नोकरीवरून काढण्यास सुरुवात झाली. पोकिप्सी, किंग्स्टन आणि ईस्ट फिशकिल येथे कंपनीचे मोठे कारखाने होते. एकाच घरातील दोन पिढ्या तेथे नोकरीस असणे सामान्य होते. घरांच्या किमती, दुकाने आणि शाळांचा कर-महसूल या सर्वांचा आधार एकच कंपनी असल्याने कपातीचा फटका कारखान्याच्या फाटकाबाहेरही बसला. किंग्स्टनचा प्रकल्प १९९५ मध्ये बंद झाला. कंपनीचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या एंडिकॉट गावातील कारखाना २००२ मध्ये विकण्यात आला.

१ एप्रिल १९९३ रोजी लुई गर्स्टनर यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सूत्रे स्वीकारली. बाहेरून थेट या पदावर आणलेले ते पहिलेच. जुलैमध्ये त्यांनी आणखी ३५ हजार पदे कमी करण्याचे जाहीर केले आणि पुनर्रचनेसाठी ८.९ अब्ज डॉलरची तरतूद केली. वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी कपात करण्याऐवजी ती एकदाच करून संपवावी, अशी त्यांची भूमिका होती. १९९४ च्या अखेरीस कर्मचारीसंख्या सुमारे २ लाख २० हजारांवर आली. कंपनीचे तुकडे करून विकण्याचा पूर्वीचा बेत गर्स्टनर यांनी रद्द केला व सेवा व्यवसायावर भर दिला. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, २००१ मध्ये, संख्या पुन्हा ३ लाखांपुढे गेली होती. मात्र वाढलेली पदे कारखान्यांतील नव्हती.

रिसोर्स ॲक्शन

कपातीला कंपनीच्या अंतर्गत भाषेत 'रिसोर्स ॲक्शन' म्हणतात. २००० नंतर एकरकमी कपातीची जागा या प्रकाराने घेतली. २००५ मध्ये १० ते १३ हजार पदे कमी करण्याची घोषणा झाली. त्यांतील बहुतांश पदे युरोपातील होती. एरवी मात्र शेकड्यांनी पदे कमी होत आणि त्याच सुमारास अन्यत्र भरतीही चालू असे.

व्यवसायाचा भाग विकणे हा मनुष्यबळ घटवण्याचा दुसरा मार्ग. वैयक्तिक संगणकांचा विभाग २००५ मध्ये लेनोवो या चिनी कंपनीकडे गेला, तेव्हा सुमारे १० हजार कर्मचारीही तिकडे गेले. चिपनिर्मितीचा तोट्यातील विभाग ग्लोबलफाउंड्रीजने घ्यावा यासाठी आयबीएमनेच तिला १.५ अब्ज डॉलर देऊ केले. हा व्यवहार २०१५ मध्ये पूर्ण झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'किंड्रिल' ही वेगळी कंपनी स्थापन होऊन सुमारे ९० हजार कर्मचारी एका दिवसात आयबीएमच्या पटावरून गेले. या घटनांना कपात म्हणता येत नाही. तथापि, पटावरील आकड्यांतली घट वाचताना त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

भारताशी संबंध

परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटी अमान्य करून आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला होता. १९९२ मध्ये ती टाटा समूहाशी भागीदारीत परतली आणि १९९९ पासून स्वतंत्रपणे काम करू लागली. पुढील दशकात बंगळूर, पुणे व इतर शहरांत भरती वेगाने वाढली. २००७ च्या अखेरीस भारतातील कर्मचारी ७० हजारांवर होते. २०१७ मधील वृत्तानुसार ती संख्या १ लाख ३० हजारांच्या आसपास, म्हणजे अमेरिकेतील कर्मचाऱ्यांपेक्षा अधिक होती. २००९ मध्ये 'प्रोजेक्ट मॅच' या योजनेखाली उत्तर अमेरिकेतील कपातग्रस्तांना भारत, चीन, ब्राझील आदी देशांत तेथील स्थानिक वेतनश्रेणीवर काम करण्याचा पर्याय देण्यात आला. कर्मचारी संघटनेने या योजनेवर तीव्र टीका केली.

आकड्यांचा प्रश्न

अमेरिकेतील १९९० च्या एका कायद्यानुसार, गटाने काढलेल्या ४० वर्षांवरील कर्मचाऱ्याकडून वयभेदाविरुद्ध दाव्याचा हक्क सोडवून घ्यायचा असल्यास त्याच्या विभागातून कोणत्या पदाची व वयाची माणसे निवडली गेली, याची यादी त्याला द्यावी लागते. निवृत्तिवेतनातील बदलांवरून उठलेल्या असंतोषातून १९९९ मध्ये स्थापन झालेली 'अलायन्स ॲट आयबीएम' ही संघटना अशा याद्या गोळा करून कपातीची बेरीज करीत असे. कंपनीने २०१० पासून अमेरिकेतील कर्मचारीसंख्या स्वतंत्रपणे देणे थांबवले. २०१४ पासून वयाच्या याद्याही बंद झाल्या आणि तक्रारी न्यायालयाऐवजी खासगी लवादापुढे नेण्याची अट घालण्यात आली. २०१६ च्या आरंभी सेवासमाप्तीची भरपाई अमेरिकेत सहा महिन्यांच्या कमाल वेतनावरून एका महिन्यावर आणली गेली. त्याच महिन्यात सदस्यसंख्या घटल्याने अलायन्सनेही काम थांबवले.

वयभेदाचे आरोप

मार्च २०१८ मध्ये 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारिता संस्थेने प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात, पाच वर्षांत अमेरिकेतील ४० वर्षांवरील २० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना काढल्याचा अंदाज मांडला. त्या काळातील अमेरिकेतील कपातीच्या तो सुमारे ६० टक्के होता. २०२० मध्ये अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने, २०१३ ते २०१८ या काळात वयाच्या आधारे भेदभाव झाला असे मानण्यास सबळ कारण असल्याचा निष्कर्ष काढला. २०२२ मध्ये न्यायालयात उघड झालेल्या अंतर्गत ईमेलमध्ये ज्येष्ठ कर्मचाऱ्यांसाठी 'डायनोबेबीज' हा शब्द आढळला. पद्धतशीर भेदभाव झाल्याचे कंपनीने नाकारले असून, निर्णय वयावर नव्हे तर व्यवसायाच्या गरजेवर आधारित होते, असे तिचे म्हणणे आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता

एप्रिल २०२० मध्ये अरविंद कृष्ण मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. जानेवारी २०२३ मध्ये ३,९०० पदे कमी करण्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी मे महिन्यात कृष्ण यांनी, ग्राहकांशी थेट संबंध नसलेल्या सुमारे २६ हजार पदांपैकी ३० टक्के पदांचे काम पाच वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्ता व स्वयंचलन यांच्याकडे जाऊ शकेल, असे सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये चीनमधील संशोधन व विकास विभाग बंद करण्याचा निर्णय झाला. त्याचा परिणाम एक हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर झाला. २०२५ मध्ये मनुष्यबळ विभागातील काहीशे जणांचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे दिल्याचे कृष्ण यांनी सांगितले. त्याच वेळी प्रोग्रामर व विक्री प्रतिनिधींची भरती वाढल्याने एकूण पट कमी न होता वाढल्याचेही त्यांनी नमूद केले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने आणखी एका कपातीची घोषणा केली. तिचे प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या 'एक अंकी टक्केवारीत, खालच्या बाजूस' असेल एवढेच सांगण्यात आले.