पाचगणीचा बुध

माणूस मोठा झाला की त्याला गावं फुटतात. लहानपणी ज्याला वर्गात कोणी शेजारी बसवून घेत नाही, त्याच्यासाठी पुढे चार गावं भांडतात. फ्रेडी मर्क्युरी या गृहस्थांचं तेच झालं. झांझिबार म्हणतं, आमच्याकडे जन्मला. लंडन म्हणतं, आमच्याकडे गायला. वलसाड म्हणतं, आडनाव आमचं. आणि आपण पाचगणीला स्ट्रॉबेरीचा भाव करता करता पोरांना सांगतो, "हा इथं शिकला, बरं का!" पोरं विचारतात, "कोण?" "अरे तो रे, मिशीवाला. गंजीफ्रॉकवर गाणारा!"

तर या गंजीफ्रॉकवाल्याचं मूळ नाव फरोख बुलसारा. जन्म 5 सप्टेंबर 1946, मुक्काम झांझिबार. वडील तिथं इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल. पारशी माणसाचं आडनाव म्हणजे एक तर धंद्याची पाटी, नाही तर घरचा पत्ता. बाटलीवाल्याला बाटल्या चुकत नाहीत आणि बुलसाऱ्याला बुलसर चुकत नाही. बुलसर म्हणजे आजचं वलसाड, आणि फरोख जन्मला तेव्हा तेही मुंबई इलाख्यातच होतं. तेव्हा आपला हक्क तसा दोन ठिकाणी लागतो.

आठ वर्षांच्या फरोखला आईबापांनी बोटीत बसवलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. आपल्याकडे त्या वयाचं पोर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलं तरी आई गॅलरीतून मान लांब करून उभी असते. हा समुद्र ओलांडून आला. त्यातून वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, त्यामुळे पुढचे बाहेर आलेले. वसतिगृहातल्या पोरांना आणखी काय हवं? पुढे पैसा आला तरी त्यानं दातांना हात लावू दिला नाही. आवाज बिघडेल ही धास्ती. गंमत अशी, की त्याच्या बँडमधला ड्रम वाजवणारा रॉजर टेलर हा मुळात दातांचा डॉक्टर व्हायला लंडनला आलेला!

शाळेत त्याला पियानो भेटला. रेडिओवर ऐकलेली चाल हा लगेच पेटीवर काढून दाखवायचा म्हणे. पाच पोरांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पण त्यात गाणारा मुलगा दुसराच. फरोख आपला बाजूला पियानोवर. 'फ्रेडी' हे नावही शाळासोबत्यांचंच. बारसं पाचगणीलाच झालं म्हणा ना!

1964च्या जानेवारीत झांझिबारला क्रांती झाली. सुलतान पळाला, माणसं कापली गेली. बुलसारा मंडळी जीव घेऊन इंग्लंडला आली. पोरानं हीथ्रोच्या विमानतळावर सामान हलवलं, ईलिंगच्या कलाशाळेत चित्रकला शिकली आणि केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. आपल्याकडे याला बोहारणीचा धंदा म्हणतात; तिकडे फॅशन म्हणतात.

1970 साली टेलर आणि ब्रायन मे यांच्याबरोबर 'क्वीन' उभा राहिला. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला. याच सुमाराला बुलसारा गेले आणि मर्क्युरी आले. मर्क्युरी म्हणजे बुध. पाश्चात्त्यांच्या हिशेबानं याची रास कन्या, आणि कन्येचा स्वामी कोण, हे आपल्याकडे रविवारची पुरवणी वाचणारा कोणीही सांगेल. बँडचं बोधचिन्हसुद्धा यानं चौघांच्या राशींवरूनच काढलं. दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या. साहेबाच्या देशात जाऊन पोरगा पत्रिकाच मांडून बसला!

1975 साली 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं. लांबी जवळजवळ सहा मिनिटं. तीन मिनिटांवर गाणं गेलं की तिकडच्या रेडिओवाल्यांना घाम फुटे. आपल्याकडे सहा मिनिटांत तंबोरासुद्धा लागत नाही. ते गाणं इंग्लंडात सलग नऊ आठवडे पहिलं राहिलं. 13 जुलै 1985ला इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी वेम्बलीच्या मैदानात जलसा झाला. याच्या वाट्याला वीसेक मिनिटं. हा एक तान घेई आणि सत्तर हजार माणसं ती जशीच्या तशी परत करीत. एवढे आज्ञाधारक शिष्य आपल्या एकाही खाँसाहेबांना मिळाले नसतील.

मात्र एवढं मोकळं गाणारा हा माणूस घरचं काही बोलत नसे. मुलाखतींत पाचगणी क्वचितच यायची. तो तरुण होता तेव्हाच्या इंग्लंडात सावळ्या माणसाला "परत जा" सांगणारे कमी नव्हते. कोणावर प्रेम करतो, तेही झाकलेलं. आजारही झाकलेला. आपल्याला एड्स आहे हे त्यानं 23 नोव्हेंबर 1991ला जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय पंचेचाळीस.

आता आपण "आमचा, आमचा" म्हणतो. जिवंतपणी तो दात, मिशी आणि सगळं खरंखोटं घेऊन आपल्या आळीत राहायला आला असता, तर आपण आधी पडदा किलकिला करून पाहिलं असतं आणि मग पोरांना आत बोलावलं असतं.

अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले. बुलसर गेलं, झांझिबार गेलं, आडनाव गेलं, पण लहानपणी कानावर पडलेल्या प्रार्थना शेवटी लंडनच्या स्मशानात त्याला शोधत आल्या. रक्षा कुठं ठेवली हे त्याच्याच इच्छेनं गुप्त राहिलं. पुतळा उभा राहिला तो भलत्याच पाचव्या गावी, स्वित्झर्लंडात माँट्रोच्या तळ्याकाठी. भांडणाऱ्या चार गावांची तोंडं पारच बंद!

मर्क्युरी म्हणजे पाराही. तो चिमटीत धरायला जाऊ नये. पाचगणीनं एक पियानो दिला, एवढंच आपण सांगावं. तेही थोडं हळू आवाजात. कारण तो दिला तेव्हा आपण स्ट्रॉबेरीचाच भाव करत होतो.