संप, नाका आणि निर्णय : गिरणगावातील तरुण व टोळीजीवन यांच्या इतिहासलेखनातील एक प्रश्न

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २,५०,००० कामगार त्यात उतरले होते. या संपाविषयी पुढील दोन-अडीच दशकांत पत्रकारिता, चित्रपट आणि कथात्म साहित्य यांतून एक विधान जवळजवळ सिद्धान्तासारखे रूढ झाले : गिरण्या बंद पडल्या, घरे मोडली आणि कामगारांची मुले टोळ्यांत गेली. या विधानामागे करुणा आहे आणि त्यात तथ्यही आहे. तथापि, ते कारणमीमांसा म्हणून स्वीकारायचे झाल्यास त्याला कालक्रम, प्रमाण आणि कर्तृत्व या तीन कसोट्यांवर तपासणे आवश्यक ठरते.

प्रथम कालक्रमाचा विचार करावा लागतो. गिरणगावातील ‘दादा’ ही संपाची निर्मिती नव्हे. राजनारायण चंदावरकर यांनी दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या मुंबईचा जो इतिहास मांडला आहे, त्यात जॉबर, व्यायामशाळा, खानावळ, उसनवारी आणि वस्तीतील वचक यांच्या संगमावर दादा उभा असलेला दिसतो. कामगाराला काम, खोली किंवा अडीअडचणीला पैसा मिळवून देणारा माणूस आणि संपाच्या काळात लाठी उगारणारा माणूस अनेकदा एकच असे. १९६० आणि १९७० च्या दशकांत तस्करीच्या पैशाने या वचकाला वेगळे रूप दिले. भायखळ्यातील रमा नाईक यांच्या भोवतीची टोळी संपापूर्वीच आकाराला आली होती. महाविद्यालयीन पदवी असलेला मन्या सुर्वे ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्यानंतर आठवड्याने संप सुरू झाला. साहित्याची साक्षही याहून निराळी नाही. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अश्लीलतेच्या वादात सापडली. गिरण्यांचे भोंगे नियमित वाजत असतानाच्या काळात नाक्यावर रेंगाळणाऱ्या पोरांची ही कृती आहे. नाक्यावरचे रिकामपण बेकारीपेक्षा जुने आहे, एवढे तरी तिच्यावरून म्हणता येते.

मग संपाने काय केले? त्याने टोळी निर्माण केली नाही. टोळीकडे जाणारी वाट रुंद केली आणि इतर वाटा बंद केल्या. वडिलांच्या किंवा चुलत्याच्या ओळखीने बदली कामगार म्हणून गिरणीत शिरणे, कालांतराने कायम होणे आणि त्या भरवशावर लग्न करणे, हा तरुणाच्या प्रौढ होण्याचा मान्य क्रम होता. तो क्रम एकाएकी तुटला. हातात पैसा देणारी, उत्सवाच्या मंडळात मान देणारी आणि ‘अमुकाचा माणूस’ अशी ओळख देणारी टोळी त्या रिकाम्या जागी उभी होती.

परंतु वाट रुंद होण्यासाठी तरुणांचा पुरवठा पुरेसा नसतो. त्यांना कामाला लावणारी मागणीही लागते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विक्रीचा व पुनर्विकासाचा मार्ग खुला केला. गिरणीतील यंत्रापेक्षा तिच्याखालची जमीन मौल्यवान ठरली आणि जागा रिकामी करणे, संघटनेवर कब्जा मिळवणे, तंटे मिटवणे ही कामे दहशतीच्या बाजारात आली. १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांची आणि १६ जानेवारी १९९७ रोजी दत्ता सामंत यांची हत्या झाली. ‘परिस्थिती’ हा शब्द वापरला जातो तेव्हा ही बाजू सहसा निसटते. परिस्थिती ही पावसासारखी आकाशातून पडत नाही. तिच्यात धोरण ठरवणारे, नफा मिळवणारे आणि सुपारी देणारे कर्ते असतात. सर्व दोष परिस्थितीवर टाकला की गोळी झाडणारा तरुण जसा सुटतो, तसेच हेही सुटतात.

दुसरी कसोटी प्रमाणाची आहे. अडीच लाख कुटुंबांतील बहुसंख्य मुलगे टोळीत गेले नाहीत. कोणी भिवंडीच्या यंत्रमागावर गेले, कोणी फेरीचा धंदा केला, कोणी पहारेकऱ्याची नोकरी धरली, कोणी कोकणात वा घाटावर परतले. स्त्रियांनी खानावळी, घरकाम आणि शिवणकाम यांवर संसार ओढले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासात हे आवाज नोंदले गेले आहेत. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाची रचना या दृष्टीने लक्षणीय आहे. एकाच चाळीतील एकाच खोलीत, एकाच आईच्या हाताखाली वाढलेल्या भावांपैकी एक लेखक होऊ पाहतो, दुसरा क्रिकेटमध्ये गुंतून राहतो आणि तिसरा टोळीकडे वळतो. परिस्थितीचे नाटक म्हणून वाचल्या जाणाऱ्या या कृतीने परिस्थिती समान ठेवून निर्णय भिन्न दाखवले आहेत. टोळीत न गेलेला भाऊ चित्रपटाच्या पडद्यावर कंटाळवाणा ठरतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तोच निर्णायक पुरावा आहे.

या प्रश्नाची तौलनिक बाजूही विचारात घेण्याजोगी आहे. शिकागो येथे फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९२७ मध्ये १,३१३ टोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले, की विशिष्ट वस्त्यांतील रहिवाशांचे वांशिक गट बदलत गेले, तरी तेथील बालगुन्हेगारीचे प्रमाण चढेच राहिले. गुन्हा रक्तात नसून वस्तीच्या रचनेत आहे, हा त्यांचा निष्कर्ष वंशवादाला दिलेले उत्तर होता. मात्र तो प्रमाणाविषयी बोलतो, अमुक एका मुलाविषयी नव्हे. १९५७ मध्ये ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी नेमका पुढचा प्रश्न उचलला. जबाबदारी नाकारणे हे कृत्यानंतरचे समर्थन तर असतेच. परंतु कृत्यापूर्वीच ते मनाचा अडसर दूर करते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. समाजशास्त्राने करुणेने दिलेले वाक्य तरुणाच्या तोंडी परवाना होऊ शकते, हा त्याचा अर्थ.

याच्या विरुद्ध टोकाचा धोका भारतीय इतिहासात अधिक भीषण रूपात घडला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण कलंक उरला. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन या कलंकातून बाहेर पडणाऱ्या माणसाचे आहे. चोरीखेरीज पर्यायच न ठेवणारी व्यवस्था त्यात उघडी पडते; त्याचबरोबर शिकण्याचा, संघटना बांधण्याचा आणि लिहिण्याचा निर्णयही तेथे आहे. ‘जन्माने गुन्हेगार’ हे तिरस्काराचे वाक्य आणि ‘परिस्थितीने गुन्हेगार’ हे सहानुभूतीचे वाक्य यांची नैतिक किंमत सारखी नाही. परंतु माणसाची निर्णयक्षमता दोन्ही वाक्ये हिरावून घेतात.

कायद्याने हा पेच निदान तत्त्वतः ओळखला आहे. बच्चन सिंग खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेचा विचार करताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचीही परिस्थिती पाहावी असे सांगितले. दोष सिद्ध करणे आणि शिक्षेचे माप ठरवणे या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या, की जबाबदारी आणि परिस्थिती या दोहोंना आपापली जागा मिळते. मुंबईत मात्र अनेकांच्या बाबतीत ही तपासणी झालीच नाही. रमा नाईक १९८८ मध्ये आणि अमर नाईक १९९६ मध्ये पोलीस चकमकीत मारले गेले. चकमकीत दोष सिद्ध होत नाही आणि परिस्थितीही ऐकली जात नाही. प्रश्नच मिटवला जातो. ज्यांनी त्यांना वापरले त्यांची नावेही त्यांच्याबरोबर जातात.

म्हणून गिरणगावच्या इतिहासाला हवी आहे ती जबाबदारीची वाटणी. निवडीचा परीघ किती होता हे परिस्थिती सांगते. त्या परिघात काय केले हे व्यक्तीचे असते. आणि परीघ ज्यांनी आवळला त्यांचाही हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो. या वाटणीत टोळीत गेलेल्या तरुणाला क्षमा नाही, पण एकट्याने सर्व भार वाहण्याची सक्तीही नाही. त्याच चाळीत राहून सुरा न उचललेल्या भावाला तिच्यात प्रथमच नोंदीचा हक्क मिळतो.