दुग्धत्यागाचे व्रत आणि आगार

दूध हे अहिंसक अन्न आहे काय, हा प्रश्न जैन कुटुंबांतील तरुण पिढी आज विचारू लागली आहे. प्रश्न नवा नाही. इ. स. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर महात्मा गांधींनी आपले स्नेही कॅलनबाख यांच्यासह दूध वर्ज्य केले. दूध विकारवर्धक आहे, ही गोष्ट त्यांना प्रथम श्रीमद् राजचंद्रांकडून समजली होती; पुढे कलकत्त्याचे गवळी गायी-म्हशींचा करीत असलेला छळ वाचनात आला आणि निश्चय दृढ झाला. ‘व्हीगन’ हा शब्द तेव्हा अस्तित्वातही नव्हता. तो इंग्लंडमध्ये १९४४ साली रूढ झाला.

आरंभीचा काळ उत्साहाचा होता. केळी, खजूर, भुईमुगाचे दाणे, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल एवढ्यावर निर्वाह चाले. १९१४ मध्ये लंडन येथे फुप्फुसाच्या आवरणास सूज आली. डॉ. जीवराज मेहता यांनी दूध सुचविले, गोखल्यांनीही आग्रह धरला. गांधीजी ढळले नाहीत.

१९१८ मध्ये मात्र खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करीत असता आमांशाने देह पार खचला. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईस डॉ. दलाल यांनी दुधावाचून प्रकृती भरून येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. व्रत आड आले. तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग सुचविला, कारण व्रत घेताना गांधीजींच्या मनात गाय व म्हैसच होती. रौलट विधेयकांविरुद्ध लढण्यासाठी जगण्याची ओढ प्रबळ होती. त्यांनी ते मान्य केले. व्रताचे शब्द पाळले, आत्मा मात्र हरपला, ही खंत त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नमूद केली आहे.

जैन वाचकास येथे एक भेद जाणवेल. पच्चक्खाण घेतानाच त्यातील आगार, म्हणजे सवलती, उच्चारले जातात. व्याधीने समाधी ढळल्यास औषधाची मुभाही त्यांत येते. गांधीजींच्या व्रतात असा आगार नव्हता, तो संकटसमयी शोधावा लागला. सल बहुधा त्यामुळेच राहिला. (अट सौद्याआधी लिहावी, नंतर नव्हे, हे व्यापाऱ्यांस सांगणे नलगे.)

शेळीचे दूध अखेरपर्यंत चालू राहिले. तरीही दुधाइतका पोषक व सुपाच्य असा वनस्पतिजन्य पदार्थ कोणी स्वानुभवाने सांगावा, असे आवाहन त्यांनी आत्मकथेतच केले होते. त्यांच्या निर्वाणाच्याच वर्षी, १९४८ मध्ये, शास्त्रज्ञांनी ब-१२ जीवनसत्त्व वेगळे काढले. वनस्पतिजन्य आहारातून ते पुरेसे मिळत नाही. आता सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने ते तयार होते आणि कायमचे दूध सोडणाऱ्यास गोळीवाटे घेता येते. १९१२ च्या व्रतस्थास ही सोय नव्हती.