लिनक्सवर स्कॅनर कसा चालू करावा?

शिष्यवृत्तीचा अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, निकाहनामा, आजोबांच्या काळचं खरेदीखत... कागद स्कॅन करायची वेळ प्रत्येक घरात येते. घरच्या संगणकात उबुंटू, मिंट किंवा डेबियन असेल, तर स्कॅनरसोबत आलेली विंडोजची सीडी उपयोगी पडत नाही. मग घरचे खासगी कागद पेनड्राइव्हवर घालून दुकानात न्यायचे आणि परक्याच्या संगणकावर त्यांची कॉपी राहू द्यायची, असं होतं. ते टाळता येतं. त्यासाठी काय करायचं, ते आम्ही इथे क्रमाने देत आहोत.

'सेन' म्हणजे काय?

लिनक्सवर स्कॅनिंगचं काम 'सेन' ही मुक्त प्रणाली करते. 'स्कॅनर अ‍ॅक्सेस नाऊ ईझी' या नावाचं ते लघुरूप. तिचे दोन भाग आहेत. स्कॅनरशी बोलतो तो बॅकएंड, म्हणजेच ड्रायव्हर. आपल्याला पडद्यावर बटणं दिसतात तो फ्रंटएंड, उदाहरणार्थ 'सिंपल स्कॅन' किंवा 'एक्ससेन'. हे दोन भाग वेगळे असल्यामुळे बॅकएंड एकदा जुळला की कोणताही फ्रंटएंड चालतो.

१. आधी तपासा

स्कॅनर विकत घेण्यापूर्वी सेनच्या संकेतस्थळावरची यादी पाहा. प्रत्येक मॉडेलसमोर पाठिंबा पूर्ण, चांगला, जुजबी की अजिबात नाही, ते लिहिलेलं असतं. कॅननचा लाइड ११० 'जेनेसिस' बॅकएंडवर चालतो.

२. स्कॅनर दिसतो का?

'सेन-युटिल्स' पॅकेज टाका. टर्मिनलमध्ये 'सेन-फाइंड-स्कॅनर' चालवा, मग 'स्कॅनइमेज' आणि पुढे उणे चिन्हासह कॅपिटल एल. पहिल्या आज्ञेत यूएसबी यंत्र दिसलं, पण दुसरीत नाही, तर वायर ठीक आहे आणि अडचण बॅकएंडची किंवा परवानगीची आहे.

३. परवानगी

दुसरी आज्ञा 'सुडो' लावून चालते आणि एरवी चालत नाही, तर दोष परवानगीचा. डेबियन-उबुंटूवर आपलं खातं 'स्कॅनर' गटात घाला. प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेल्या यंत्राला कधी 'एलपी' गटही लागतो. नंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करायला विसरू नका, नाहीतर बदल लागू होत नाही.

४. बॅकएंड

'ईटीसी' फोल्डरातल्या 'सेन डॉट डी' मध्ये 'डीएलएल डॉट कॉन्फ' ही फाइल असते. तिच्यात बॅकएंडची नावं एकेका ओळीत असतात. ओळीच्या सुरुवातीला # असेल तर तो बॅकएंड बंद. आपल्याला हवा तो बंद असेल तर # काढून टाका.

एचपीच्या बऱ्याच यंत्रांना 'एचपीलिप' लागतं. त्यांतल्या काही मॉडेल्सना कंपनीचा बंदिस्त प्लगइन 'एचपी-प्लगइन' आज्ञेने घ्यावा लागतो. एचपीलिप अपडेट झालं की प्लगइनही पुन्हा घ्यावा. फुजित्सूच्या स्कॅनस्नॅप एस३०० सारख्या यंत्रांना मात्र वेगळी फर्मवेअर फाइल द्यावी लागते.

५. वायफायवरची नवी यंत्रं

नव्या यंत्रांना सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. 'सेन-एअरस्कॅन' हा बॅकएंड 'ईएससीएल' आणि 'डब्ल्यूएसडी' या पद्धतींनी यंत्र स्वतः शोधतो. डेबियन ११ पासून ही सोय आहे. संगणक आणि यंत्र एकाच वायफायवर हवेत. हीच यंत्रं यूएसबीवर चालवायची असतील तर 'आयपीपी-यूएसबी' पॅकेज टाका.

६. सेटिंग किती ठेवावं?

साध्या कागदाला ३०० डीपीआय आणि ग्रे पुरेसं. ए४ पान ३०० डीपीआयला रंगीत घेतलं तर कच्ची प्रतिमा सुमारे २६ एमबी होते, ग्रेमध्ये पावणेनऊ. ऑनलाइन अर्जाला लहान फाइल लागत असेल तर पीडीएफ करताना आकार कमी करा, पण मूळ प्रत तशीच जपा. शिक्का किंवा रंगीत शाई असलेला जुना कागद रंगीतच घ्यावा.

छापील मजकूर शोधण्याजोगा करायला 'टेसरॅक्ट' आहे. त्याला मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांची पॅकेजं मिळतात. हाताने लिहिलेल्या मजकुराला मात्र ते फारसं कामाचं नाही.

जुना कागद दर पावसाळ्यात थोडा विरतो. घरातल्या मुलांना ही रीत शिकवा, एक प्रत संगणकात, एक पेनड्राइव्हवर ठेवा, आणि फाइलच्या नावात कागदाचं नाव आणि साल लिहा.